बाल्देमारचे पाठमोरे वूफर

आमच्या वेस्ट साइडला ज्याच्या वूफरचं चुंबक मोठं तो मोठा माणूस, असा सरळ हिशेब आहे.

वूफर म्हणजे जाड, खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, आणि चुंबक म्हणजे त्याची पाठ. ती पेटीच्या आत, अंधारात राहायची वस्तू. बाहेर दिसायचा तो पडदा, कारण आवाज पडदा करतो. पण पडदा पडला काळा कागद, त्याने कोणाचे डोळे दिपणार? म्हणून मागे कधीतरी कोणा दीडशहाण्याने वूफर उलटा करून बसवला. पडदा आत, चुंबक बाहेर, त्यावर क्रोमचा मुलामा आणि खाली निळे दिवे. तेव्हापासून सान आंतोनियोतल्या निम्म्या पुरुषांना वेड लागलं आहे. रविवारी पार्कात गाड्या ओळीने लावतात, झाकणं उघडतात आणि कमरेवर हात ठेवून एकमेकांची चुंबकं बघत फिरतात. मी तेवीस वर्षं सार्सामोरा रस्त्यावर गाड्यांना स्पीकर बसवते आहे. उलटा बसवून द्या म्हणणाऱ्याला मी बसवून देते, आणि मनातल्या मनात त्याला गाढव म्हणते.

या सगळ्या गाढवांचा म्होरक्या बाल्देमार किरोगा. आमच्या कार क्लबचा अध्यक्ष. माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला त्याने मुलाला हातावर धरलं होतं, म्हणून तो माझा कोम्पाद्रे आणि मी त्याची कोमाद्रे. हे नातं आमच्यात सख्ख्या भावाबहिणीइतकं धरतात, पण बोलायचं मात्र अहो-जाहो करून. माणसाला 'तुम्ही' म्हणत म्हणत मूर्ख समजायचं म्हणजे जिभेला फार कष्ट पडतात.

त्याच्या ट्रकच्या मागच्या हौद्यात जी वूफरची पेटी होती, ती मी बांधली होती. लाकूड मी कापलं, सांधे मी भरले, चार पंधरा इंची वूफर मी बसवले, चारही सुलटे, पडदे बाहेर. तीन शनिवार लागले. तेवढा वेळ बाल्देमार माझ्याच खुर्चीत बसून बिअर पीत होता आणि "जरा डावीकडे घ्या, कोमाद्रे" असं सांगत होता. ती पेटी वाजली तेव्हा रस्त्यापलीकडच्या बेकरीतल्या काचा थरथरल्या. आणि त्याच रविवारी पार्कात कोणीतरी विचारलं, "ही कोणी बांधली?" तर हा छाती फुगवून म्हणतो, "स्वतः."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा. पापणी हलली नाही. चार वर्षं तो हेच सांगत फिरला आणि चार वर्षं मी गप्प बसले, कारण कोमाद्रेने कोम्पाद्रेला चारचौघांत खोटं पाडायचं नसतं. गप्प बसले, पण विसरले नाही.

माझा भाऊ फिदेन्सियो मात्र त्याच्यावर जीव टाकायचा, माझ्यामुळे तेही दोघे एकमेकांना कोम्पाद्रेच म्हणायचे. फिदेन्सियो एका कोंहुन्तोत, म्हणजे आमच्याकडच्या अकॉर्डियनच्या बँडमध्ये, बेस वाजवायचा, खर्जाची जाड तारांची गिटार. ज्यांना कोंहुन्तो माहीत आहे त्यांना बेसवाल्याचं नशीब सांगायला नको. अकॉर्डियनवाल्यावर पोरी मरतात, गाणाऱ्याला लोक बिअर पाजतात, ढोलवाल्याचं निदान तोंड तरी दिसतं. बेसवाला मागे उभा. तीस वर्षं माझा भाऊ लग्नांत, जत्रांत, दारूच्या गुत्त्यांत मागे उभा राहिला. एकोणीसशे चौऱ्याऐंशीत त्यांनी एक तबकडी काढली, तीनशे प्रती. तिच्यात नाचाची एक संथ धून होती, वॉल्ट्झ, आणि त्या वॉल्ट्झच्या मध्यावर अकॉर्डियन थांबायचं, गाणारा थांबायचा, आणि आठ आवर्तनं एकटा फिदेन्सियो. तेवढंच त्याचं काय ते राज्य.

मग साखरेने त्याचे पाय नेले, किडन्या नेल्या, आणि शेवटच्या आठवड्यात इस्पितळात त्याने मला जवळ बोलावलं.

"ओतिलिया, मारियाची गाणारे-वाजवणारे आणू नकोस. ते लोकांना पैसे घेऊन रडवतात."

"बरं. मग काय आणू?"

"आमचा वॉल्ट्झ लाव. पण घरच्या त्या डबड्यावर नको. कोम्पाद्रेच्या ट्रकवर. मला खाली सोडायच्या आधी. आमाला एकदा माझा बेस ऐकू येऊ दे. ती प्रत्येक नाचाला यायची, शेवटच्या रांगेत बसायची, आणि तिथवर फक्त अकॉर्डियन पोचायचं."

आमा म्हणजे आमची आई. चौऱ्याऐंशी वर्षांची. कान अजून शाबूत, बाल्देमारच्या कानांपेक्षा कितीतरी बरे.

"ऐकू येईल," मी म्हटलं. "शब्द देते."

शुक्रवारी सकाळी तो गेला. सोमवारी दफन ठरलं.

शनिवारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसले होते आणि तबकडीवरून वॉल्ट्झ सीडीवर उतरवत होते. बाहेर हॉर्न वाजला.

"कोमाद्रे! या, या, बाहेर या! बघा तरी!"

बाल्देमारचे डोळे रडून सुजले होते. मला त्याचाही राग आला. भाऊ माझा, आणि सुजतो हा. त्याने हौद्याचं झाकण उघडलं आणि बाजूला सरकून उभा राहिला, लग्नात केकवरचं झाकण काढतात तसा.

कडेचे दोन वूफर मी बसवले होते तसेच होते, पडद्यांवर क्लबचं चिन्ह रंगवलेलं. मधले दोन उलटे. चुंबकं बाहेर, क्रोमची, आरशासारखी. एकावर सोनेरी आकडे चिकटवलेले, १९५३. दुसऱ्यावर २००७. माझ्या भावाचं जन्मसाल आणि मृत्युसाल या माणसाने वूफरच्या ढुंगणावर लावलं होतं.

"कसं वाटतं?" त्याने विचारलं. "काल दिवसभर बसून केलं. कोम्पाद्रेसाठी."

"दोनच का उलटे केलेत?"

"चारही केले तर क्लबचं चिन्ह आत जाईल ना! डोकं चालवलं, कोमाद्रे."

"वायर कोणी जोडली?"

"मी. पेटी मी बांधली, वायरही मीच जोडणार." हे तो माझ्या दुकानासमोर, माझ्या तोंडावर म्हणाला. चार वर्षं बोलून बोलून आता त्याला ते खरंच वाटायला लागलं असावं.

मी वाकून पाहिलं. उलटा केलेला वूफर सुलट्याच्या जोडीला ठेवायचा तर त्याची लाल वायर काळ्या जागी आणि काळी लाल जागी लावावी लागते. नाहीतर सुलटा वूफर हवा बाहेर ढकलतो त्याच क्षणी उलटा ती आत ओढतो. दोघांचं भांडण होतं आणि हवा जागच्या जागी राहते. वरचे सूर दारांतल्या लहान स्पीकरमधून येत राहतात, पण खालचे, जाड, पोटात घुमणारे सूर मरतात. माझ्या दुकानात कामाला लागणारा पहिल्या आठवड्यात हे शिकतो. बाल्देमारने चारही ठिकाणी लालवर लाल आणि काळ्यावर काळी लावली होती. नीट, घट्ट, वर चिकटपट्टी मारून.

"वाजवून बघितलंत?"

"जरासं, गॅरेजमध्ये. आणि काय हलतायत, कोमाद्रे! एवढे कधी हलले नव्हते!"

हलणारच. पेटीतली हवा नुसती एकाकडून दुसऱ्याकडे सरकते म्हटल्यावर आतून कसला विरोधच राहत नाही, मग पडदे मोकाट सुटतात. पण जो डोळ्यांनी ऐकतो त्याला हे कोण सांगणार?

"आणि आवाज?"

"आवाज गोड झालाय." त्याने डोळे मिटून मान हलवली. "पूर्वीसारखा अंगावर येत नाही. श्रीमंत आवाज."

श्रीमंत आवाज! वीस वर्षं त्या ट्रकात बसून कानांचा भुगा झालेला, बायको हाक मारते तर शेजाऱ्याला उठून सांगावं लागतं, आणि हा मला आवाजाची श्रीमंती सांगतो.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पेचकस माझ्या खिशातच होता, दोन मिनिटांचं काम. पण माझ्या डोक्यात दुसरंच चित्र उभं राहिलं. उद्या रविवार. उद्या पार्कात हा झाकण उघडणार, तीस गाड्यांचे मालक गोळा होणार, हा बटण दाबणार, आणि एवढ्या चुंबकांतून डासाइतका आवाज येणार. लोक हसतील. मग मी जाईन, सगळ्यांदेखत दोन वायरी बदलीन, आणि जमीन हलेल. एक शब्दही न बोलता सगळ्यांना कळेल पेटी कोणाची ते. चार वर्षांचं व्याज एका मिनिटात वसूल.

"काही राहिलंय का?" बाल्देमारने विचारलं. "तुमची नजर बारीक आहे, कोमाद्रे."

"नाही," मी म्हटलं. "छान दिसतंय."

रविवारी दुपारी मी मुद्दाम पार्कात गेले. बाल्देमार ट्रकला टेकून बार्बाकोआचा टाको खात होता. झाकण बंद.

"वाजवा की, अध्यक्ष!" कोणीतरी ओरडलं.

"नाही." त्याने बोटं पुसली आणि गंभीर झाला. "हिचा पहिला शब्द माझ्या कोम्पाद्रेसाठी. उद्यापर्यंत ही मुकी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने तर टोपी काढली. मला आतल्या आत संताप आला. या माणसाला आयुष्यात कधी गप्प बसणं जमलं नाही आणि आज नेमकं जमलं!

सांगायला जागा होती, वेळ होता, तो एकटा सापडतही होता. पण सांगितलं असतं तर त्याने पहिला प्रश्न विचारला असता की काल का नाही सांगितलंत. त्याहून खरं कारण सांगते, सांगायला लाज वाटते तरी. मला वाटलं, उद्या दफनभूमीत आजच्यापेक्षा जास्त माणसं असतील. नातलग, शेजारी, कोंहुन्तोचे जुने लोक, झाडून सगळे. माझ्या भावाला पोचवायला येणारी माणसं मी नाटकाला येणाऱ्या गिऱ्हाइकांसारखी मोजली. मनाशी ठरवलं, पहिले दोन सूर फुसके निघतील, गोंधळ उडेल, मी धावत जाऊन वायरी बदलीन, गाणं पहिल्यापासून लावू. फिदेन्सियोचंही काम होईल आणि बाल्देमारचंही.

सोमवारी ऊन होतं. तीस गाड्या दिवे मिचकावत शवगाडीच्या मागे आल्या. पाद्रीबाबांनी उरकतं घेतलं, त्यांना अकराला दुसरं दफन होतं. शवपेटी खड्ड्यावर पट्ट्यांवर टांगलेली, बाजूला दफनभूमीचे दोन कामगार हात बांधून उभे. आमा पहिल्या खुर्चीत, काळी ओढणी हनुवटीशी धरून. मी तिच्या मागे उभी. पर्समध्ये पेचकस घेऊन आले होते आणि त्याची मूठ चाचपत होते.

बाल्देमारने ट्रक उलटा आणून गवताच्या कडेला लावला, झाकण उघडलं. उन्हात ती चुंबकं अशी तळपली की पुढच्या रांगेने डोळ्यांवर हात धरले. कुजबुज झाली. "बघा काय केलंय बाल्देमारने." "किती जीव होता त्याचा." एका मूर्खाने फोटो काढला. बाल्देमारने क्रूसाची खूण केली, मी दिलेली सीडी घातली आणि बटण दाबलं.

अकॉर्डियन सुरू झालं. पातळ, किरटं, दारांच्या स्पीकरमधून. वर गाणाऱ्याचा आवाज. खाली काही नाही. कडेचे दोन्ही पडदे मात्र वेड्यासारखे नाचत होते.

मी हशाची वाट पाहिली. माना वळण्याची वाट पाहिली. निदान कोणीतरी भुवई उंचावेल म्हणून एकेका चेहऱ्याकडे पाहिलं.

कोणाच्याही लक्षात आलं नाही. लोक माना खाली घालून ऐकत होते. बायका डोळे पुसत होत्या. अकॉर्डियनवाला स्वतः तिथे होता, तोसुद्धा स्वतःचंच वाजवणं ऐकून गदगदला होता. तीस वर्षं ज्यांनी बेसकडे लक्ष दिलं नाही त्यांना तो नाहीसा झालेला कसा कळावा? हे मला आधी सुचायला हवं होतं. माझ्या डोक्यात दोन दिवस फक्त बाल्देमारचं पडलेलं तोंड होतं, भाऊ नव्हताच.

गोंधळ उडाला नाही म्हणून मला धावायला निमित्त मिळेना. रडणाऱ्या माणसांच्या मधून, गाणं तोडून, पेचकस उगारून कसं जायचं? मी पाऊल उचललं आणि थांबले. पुन्हा उचललं. तेवढ्यात वॉल्ट्झ मध्यावर आला. अकॉर्डियन थांबलं. गाणारा थांबला.

आठ आवर्तनं शांतता.

म्हणजे नीट कान दिला तर तारेवर बोट लागल्याची टकटक तेवढी येत होती. घड्याळाची असते तेवढी. लोकांना वाटलं, गाणं संपलं. पाद्रीबाबांना तर तेच हवं होतं, त्यांनी हात उचलून आशीर्वाद दिला आणि कामगारांकडे पाहून मान हलवली. कामगाराने खटका दाबला. पट्ट्या सैल झाल्या आणि शवपेटी खाली निघाली.

आणि मग अकॉर्डियन परत सुरू झालं. लोक दचकले. मी धावले, टाचा गवतात रुतत होत्या. ट्रकपाशी पोचले, चिकटपट्टी ओरबाडली, पहिला स्क्रू निम्मा फिरवला, तोवर शेवटचं कडवं संपलं. वळून पाहिलं तर खड्ड्यावर नुसत्या पट्ट्या लोंबत होत्या.

आमा खुर्चीतून उठली होती. इतक्या माणसांत तिला एकटीला कळलं होतं.

"सगळे वाजवतायत," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "माझाच पोरगा वाजवत नाहीये."

"आमा, वायर चुकली होती," मी ओरडले. "आत्ता नीट करते, परत लावते. दोन मिनिटं."

"कोणासाठी लावतेस?" तिने खड्ड्याकडे पाहिलं. "तो गेला खाली."

तिला पुढे ऐकायचंच नव्हतं. माझ्या मावसभावाने तिला हाताला धरून गाडीकडे नेलं, आणि पाद्रीबाबा पुढच्या दफनाला गेले.

मग मात्र मला हवं होतं ते सगळं झालं. माणसं बाल्देमारभोवती जमली. "उलटे कशाला केलेत, अहो?" "दिखाऊपणा नडला." "आईचा तळतळाट घेतलात." आदल्याच दिवशी पार्कात ज्यांनी त्याच्या बोलण्यावर माना डोलावल्या त्याच माना आता दुसऱ्या दिशेने हलत होत्या. तो मधोमध उभा राहून लहान मुलासारखा रडत होता आणि माझ्या हातातल्या पेचकसाकडे बघत होता. कोणालाही विचारावंसं वाटलं नाही की ही बाई भावाच्या दफनाला पेचकस घेऊन का आली. पुढच्या रविवारी क्लबने दुसरा अध्यक्ष निवडला.

महिन्याभराने तो दुकानात आला. ट्रकच्या हौद्यात पेटी नव्हती. टोपी हातात धरून तो दारातच उभा राहिला.

"या, कोम्पाद्रे. बसा."

"बसत नाही. एक सांगायला आलो होतो." तो टोपीची कडा फिरवत राहिला. "पार्कात मी सगळ्यांना सांगितलं, ती पेटी तुम्ही बांधली होती. मी खोटं बोलत होतो. तुम्ही बांधली तेव्हा काचा हलत होत्या, मी हात लावला आणि मातेरं झालं."

मी काउंटरवरचे स्क्रू गोळा करायला लागले. चार वर्षं हे वाक्य ऐकायची मला आस होती.

"आमा भेटत नाहीत," तो म्हणाला. "दोनदा गेलो. दार उघडत नाहीत."

"उघडेल. थोडे दिवस जाऊ द्या."

"लोक म्हणतात, तुझ्या कोमाद्रेचं दुकान आहे, तिला दाखवायचं तरी आधी. मी म्हटलं, दाखवलं होतं. पण त्या बिचारीचा भाऊ आदल्या दिवशी गेलेला, तिचं लक्ष कसं असणार त्यात? डोळ्यांसमोर सगळं धूसर असणार." त्याने नाक पुसलं. "दिसलं असतं तर तुम्ही मला तसं जाऊ दिलं असतं का, कोमाद्रे?"

"नसतं दिलं," मी म्हटलं.